माध्यान्ह आहार, गोवा: पद्धत चांगली, पण कडधान्य मोजून घ्या

गोव्यातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना माध्यान्ह आहार मिळतो. २०२१ पासून योजनेचे नाव पीएम पोषण झाले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. बहुतेक ठिकाणी हे काम महिलांचे स्वयंसाहाय्य गट करतात. गट आपल्या जागेत शिजवतो, टेंपोत डबे भरतो आणि मधल्या सुट्टीआधी शाळेत पोचवतो. ताटात बहुतेक वेळा भाजी-पाव असतो, अधूनमधून पुलाव. या परीक्षणात आम्ही एकेका गटाकडे न पाहता सगळ्या सेवेकडे पाहिले आहे.

मत आधीच सांगतो: ही पद्धत टिकवायला हवी. शिजवणारी बाई त्याच गावची किंवा शेजारच्या वाड्यावरची असते. भाजी तिखट झाली, पाव शिळा निघाला, तर संध्याकाळपर्यंत तिला कळते. दूरच्या एकाच मोठ्या स्वयंपाकघरातून हजारो ताटे येऊ लागली की ही ओळख तुटते. चवीलाही या भाज्या बऱ्या असतात. खोबऱ्याचे वाटण घातलेली चवळी किंवा अळसांद्यांची, म्हणजे गोव्यातल्या टपोऱ्या चवळीची, भाजी मुले पुसून खातात.

अडते ते प्रमाणात. प्राथमिकच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असा नियम आहे. त्यासाठी प्राथमिकला माणशी २० ग्रॅम कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. वरच्या वर्गांना ३० ग्रॅम, ७५ ग्रॅम आणि साडेसात ग्रॅम. म्हणजे प्राथमिकच्या १०० मुलांच्या शाळेत रोज २ किलो कोरडे कडधान्य आणि ५ किलो भाजी पातेल्यात पडलीच पाहिजे. आता ताट मांडून बघा. पाव ४५ ग्रॅमचा धरला तर दोन पावांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने येतात, २० ग्रॅम कडधान्यातून साधारण साडेचार ते पाच. दोन्ही पुरते दिले तर १२ च्या जवळ पोचता येते. पाव एकच दिला आणि कडधान्य निम्मे केले तर हिशेब ६ वर येतो. भाजीला रंग तोच, वासही तोच, म्हणून ही तूट डोळ्यांना दिसत नाही.

वरच्या वर्गांचे गणित आणखी अवघड आहे. तीन पाव आणि ३० ग्रॅम कडधान्य देऊनही २० ग्रॅमला दोन-एक ग्रॅम कमी पडतात, कॅलरी तर शंभरावर. तिथे १५ ग्रॅम भाजलेले शेंगदाणे हा सर्वात सोपा उपाय: प्रथिने भरून निघतात आणि ८५ च्या आसपास कॅलरी मिळतात. मात्र शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांची नावे वर्गशिक्षकांकडे आधी असावीत.

पातळ भाजी ओळखायला गाळणी पुरते. डबा तळापासून ढवळून, मुलाला वाढतात तेवढाच एक डाव भाजी गाळणीत घ्यावी, निथळू द्यावी आणि वर राहिलेले कडधान्य वेचून वजन करावे. २० ग्रॅम कोरडा वाटाणा शिजून ४५ ग्रॅमच्या आसपास होतो. सलग तीन दिवस ३० च्या आत आला तर गटाशी बोलायची वेळ झाली. बटाटा यात धरू नये, तो रश्श्यात विरघळतो. डावही तपासा: वाढणारा बदलला आणि डाव लहान निघाला, तर गटाने नीट शिजवूनही मुलाला कमीच मिळते.

बोलताना मात्र दुसरी बाजू लक्षात ठेवावी. केंद्राचा साहित्यखर्चाचा दर १ मे २०२५ पासून प्राथमिकला माणशी ६ रुपये ७८ पैसे आणि वरच्या वर्गांना १० रुपये १७ पैसे आहे. बिले उशिरा मिळतात ही गटांची तक्रार जुनी आहे. बिल थकले की वाण्याकडची उधारी वाढते, आणि अशा वेळी कात्री लागायची भीती पहिल्यांदा कडधान्यालाच. बिल किती महिन्यांचे राहिले आहे हे पालकांनी विचारावे आणि शिक्षण खात्याला लिहिताना तेही लिहावे. नुसती गटाची तक्रार करून ताट सुधारत नाही.

दुसरी मोठी अडचण वेळेची. पहाटे शिजलेली भाजी एक टेंपो चार-पाच शाळांत फिरवतो तेव्हा शेवटच्या शाळेत ती कोमट पोचते. सत्तरी, सांगे या तालुक्यांतल्या लांबच्या वाड्यांवर हे जास्त जाणवते. शिजलेले अन्न ६० अंशांच्या खाली आले की त्यात जंतू वाढू लागतात, आणि मोठ्या पातेल्यातले अन्न मधोमध हळू निवते म्हणून धोका तिथेच असतो. ओल्या खोबऱ्याचे वाटण गोव्याच्या दमट हवेत लवकर आंबते. वाटण शेवटी घालून नीट उकळी आणावी, उकाड्याच्या दिवसांत भाजलेले सुके खोबरे वापरावे. पांढरा वाटाणा आठ-दहा तास भिजतो; उकाड्यात पाणी मध्येच बदलले नाही तर फेस येऊन वास लागतो. राजमा घालणार असाल तर भिजवलेले पाणी टाकून खळखळ उकळलाच पाहिजे, अर्धकच्चा राहिला तर मुलांना उलट्या होतात. पाव गरम डब्याच्या झाकणावर ठेवू नयेत, वाफेने ओले होतात. पोदेराकडून, म्हणजे गावच्या पाववाल्याकडून, आठवड्यातून दोनदा पोई हा गोव्यातला पोकळ गोल पाव घेता आला तर उत्तम, पण कणकेचा. मैद्यावर वरून कोंडा भुरभुरलेली पोई घेऊन फायदा नाही.

वाढण्याआधी एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्यांनी जेवण चाखून सही करायची असते. ही सही नंतर एकदम करण्याची गोष्ट नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावच्या शाळेत २३ मुले दगावली. जेवणात तेलातून कीटकनाशक गेले होते. वास वेगळा वाटला तर डबा उघडलेल्या माणसाला वाढप थांबवायचा अधिकार आहे, हे त्याला आधीच सांगून ठेवा. तेल सीलबंद डब्यातलेच हवे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गोव्यात पालक-शिक्षक संघही बऱ्यापैकी जागे असतात. पण पालकांचा सहभाग अनेकदा वाढदिवसाला केक आणि वेफर्सची पाकिटे वाटण्यावर येऊन थांबतो, आणि त्या दिवशी मुले जेवण टाकून देतात. त्याऐवजी रसबाळी किंवा सालदाटी केळी, उकडलेले चणे द्यावेत. शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत मनाई आहे. समितीने पत्र देताना हाच नियम दाखवावा. परसबागेबद्दल थोडेच: तांबडी भाजी महिन्याभरात काढणीला येते, पण रोज ५ किलो एका वाफ्यातून निघत नाही. पंधरवड्याला एकदा पातेल्यात पडली तरी पुष्कळ.

जूनच्या पहिल्या सभेत एवढा ठराव करून घ्या: आठवड्याला दोन पालक पाळीने, डबे येण्याआधी हजर. शाळेत पाच किलोचा काटा, एक गाळणी आणि अन्नाचा थर्मामीटर. वहीत सहा रकाने: डबा आला ती वेळ, मधोमधचे तापमान, डावातले कडधान्य, माणशी पाव, उरलेले अन्न, चाखणाऱ्यांच्या सह्या. महिनाअखेरीस वहीची एक प्रत मुख्याध्यापकांना, एक गटाला.