इंदूरच्या राजवाड्यावर खरेदीला गेलं की गाडी कुठे लावायची, रस्त्याच्या कडेला की सुभाष चौकातल्या मल्टीलेव्हल पार्किंगमध्ये?

कडेला लावली की दुकान समोरच, पायपीट नाही, हे खरंय, पण नियम कोणी बघतच नाही, २०१७च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सप्रमाणे चौकापासून ५० मीटरपर्यंत पार्किंग नाही, फूटपाथवर नाही, झेब्रावर नाही, आता सांगा, राजवाड्याच्या त्या गल्ल्यांत उरलं काय? वर मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ आहेच, नो पार्किंगमधली गाडी युनिफॉर्ममधला पोलीस उचलायला लावू शकतो आणि टोइंगचा खर्च मालकाकडून घेतात, दंड वेगळा. हँडल लॉक केलेली स्कूटर क्रेनने उचलली की पुढचं चाक वाकडंच लटकतं, शेजारच्या गाड्यांना घासत जातं, बघून जीव तुटतो हो.

मल्टीलेव्हलला थोडे पैसे जातात, चालावंही लागतं. आजी-आत्या सोबत असतील तर त्यांना आधी दुकानाजवळ उतरवा न मग गाडी लावायला जा, पावती तेवढी जपून ठेवा. पण गाडी लावलेल्या जागीच सापडते आणि म्हाताऱ्या माणसांना फूटपाथ मोकळा मिळतो, मला तर हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. दहा मिनिटांचं काम असलं तरी मी मल्टीलेव्हलच म्हणेन. दिवाळीच्या गर्दीत मात्र गाडी घरीच ठेवा, सिटी बसने जा.