उरुळी कांचनची नर्सरी: पुढच्या रांगा सोडा, मागच्या शेडमध्ये जा

सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. त्यातल्या एकीबद्दल लिहितेय. नाव देत नाही, कारण कौतुकाबरोबर तक्रारही आहे.

आमची जागा सासवडकडची, अडीच गुंठे, मुरमाड. एप्रिल-मेमध्ये पाणी टँकरचं. रासायनिक खत-औषध घालायचं नाही, हे ठरलेलं. एवढं सगळं ऐकूनही काउंटरवरच्या मुलाने ‘गार्डन पॅकेज’ पुढे केलं: लॉन, फॉक्सटेल पाम आणि कुंपणाला कोनोकार्पस. टँकरच्या पाण्यावर लॉन! आणि ज्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली, तो आम्ही हौसेने लावायचा?

मागच्या शेडमध्ये पिशव्या भरणारे मामा भेटले, म्हणून फेरी वाया गेली नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न, “ताई, तिकडं शेळ्या येतात का?” येतात की. मग त्यांनी अडुळसा, निरगुडी आणि मधेमधे करवंद काढून दिली. अडुळशाला शेळी सहसा तोंड लावत नाही, करवंदीच्या काट्यांतून कुत्रं शिरत नाही आणि एकदा मूळ धरलं की तिघांचेही पाण्याचे लाड करावे लागत नाहीत. शिवाय निरगुडीचा पाला दशपर्णी अर्काला, म्हणजे दहा झाडांच्या पाल्यापासून घरीच करायच्या कीडनाशकाला, लागतोच. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, एरंड आमच्या बांधावर आहेत, म्हणजे फवारणीचं बरंचसं सामान घरचंच. हिरवळीच्या खताचं गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) मागितलं तर मामांनी विकलंच नाही. म्हणाले, “शेजाऱ्याकडनं मनगटाएवढी फांदी आणा, पावसात खोचा, फुटंल. पाला वाफ्यात टाकत जा, नत्र मिळतं.” असा विक्रेता कुठे भेटतो!

लिंबू आणि कढीपत्ता देतानाही त्यांनी बजावलं, पानावर पाखराच्या शिटेसारखी अळी दिसली तर मारू नका, फुलपाखराची असते.

आता तक्रार. दारात ‘सेंद्रिय रोपे’ अशी पाटी, आणि आत जास्वंदीच्या रांगेवर पिठ्या ढेकणासाठी (मिलीबग) औषधाचा पंप चालू. डोक्यात जाणारा वास. विचारलं तर उत्तर आलं, “गिऱ्हाइकाला किडकं झाड कसं द्यायचं?” तेव्हा पुदिना, ओवा असं थेट तोंडात जाणारं काही इथून घेऊ नका.

दुसरं म्हणजे आंब्याची कलमं. आंध्रातल्या कडियमहून आलेली, मुळांभोवती चिकट लाल मातीचा गोळा. तो एकदा वाळला की वरून कितीही पाणी घाला, आत मुरत नाही. पिशवी उघडून दाखवा म्हटलं तर नकार. कलम घेतलं नाही.

दर म्हणाल तर अडुळसा २५ रुपये, करवंद ४०, पाम मात्र ९००. टेम्पोचं भाडं वेगळं. वाटेत मोडलेली करवंदाची रोपं त्यांनी वाद न घालता बदलून दिली.

सोमवारी जाऊ नका, मामांची सुट्टी असते. काउंटरवरचा मुलगा तेवढा असतो.