तीन तास चाललेली ‘नवी’ हार्ड डिस्क

नाशिकजवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना यंत्रभागांची ड्रॉइंग करून देण्याचा माझा व्यवसाय आहे आणि त्यासाठीचा वर्कस्टेशन संगणक मी 2013 साली घेतला. त्याचा झिऑन हा इंटेलचा प्रोसेसर आजही कुरकुरत नाही. रखडत होती ती हार्ड डिस्क. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क एखादी मोठी फाइल सलग बरी वाचते, पण शेकडो सुट्या भागांची असेंब्ली, म्हणजे जोडणीचे ड्रॉइंग, उघडायची म्हटली की तिचे वाचणारे हेड इकडून तिकडे धावत बसते. म्हणून विंडोज व चालू काम एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) आणि जुने काम 4 टीबीच्या दोन डिस्कवर मिररिंग करून, म्हणजे दोन्हींवर एकसारखी प्रत राहील असे, ठेवायचे, असे मी ठरवले. हा विचार चुकीचा नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगतो.

महात्मा गांधी रोडवरील एका दुकानदाराने दोन डिस्कचे 17,400, एसएसडीचे 3,900 आणि ‘स्पीड ट्यूनिंग’चे 2,500, असे एकूण 23,800 रुपये घेतले. पक्के बिल हवे असल्यास 18 टक्के जीएसटी वेगळा पडेल, असे तो म्हणाला. ते 4,284 रुपये वाचवण्यासाठी मी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले. त्या महिन्यात दोन कारखान्यांकडून येणे थकले होते. तरीही ही लबाडी माझीच, हे कबूल करतो.

खरे तर मी तेव्हाच उठून यायला हवे होते. डिस्क खोक्यात नव्हत्या, नुसत्या चंदेरी पाकिटात होत्या, आणि स्क्रूच्या भोकांभोवती ताजे ओरखडे दिसत होते. मी विचारलेही. “टेस्टिंगला लावल्या होत्या, सर,” असे म्हणून त्याने डिस्कची माहिती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क चाललेले तास, दाखवले: 3. तो आकडा पुसून शून्यावर आणता येतो, हे बारा वर्षे संगणकावर पोट भरणाऱ्या मला ठाऊक नसावे, याची लाज अजून वाटते.

चौथ्या महिन्यात पहिली डिस्क टकटक वाजू लागली. तिच्या जागी वेगळी डिस्क लावून मिरर पुन्हा बांधताना उरलेल्या जुन्या डिस्कचेही सेक्टर वाचता येईनात. मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे. तिसरी प्रत संगणकाबाहेर ठेवा. डेटा काढून घेण्यासाठी आणखी 14,500 रुपये गेले. तो काढणाऱ्या माणसाने स्मार्टसीटीएल हे डिस्क तपासणारे सॉफ्टवेअर चालवून डिस्कमधील ‘फार्म’ नावाची वेगळी नोंद वाचली. तिथे 31,407 तास होते, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक. सीगेटच्या डिस्कमध्ये ही नोंद असते आणि 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचे तिच्यामुळेच उघड झाले होते. शिवाय एसएसडी सेकंदाला 6 गिगाबिटऐवजी 3 गिगाबिटच्या, म्हणजे निम्म्या वेगाच्या, साटा पोर्टला (डिस्क जोडायच्या खाचेला) जोडलेली निघाली. 2,500 रुपयांचे ट्यूनिंग ते हेच!

दुकानदार म्हणाला, बिल आणा. पोलीस ठाण्यात सांगितले की हा दिवाणी मामला आहे. तेथून सायबर विभागाकडे पाठवले, तर पैसे रोख दिल्यामुळे हा ऑनलाइन गुन्हाच होत नाही, असे उत्तर मिळाले. मी डिस्कच्या नोंदीचे छापील कागद पुढे केले, ते समोरच्या साहेबांनी उलटे धरून पाहिले आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवले. त्या टेबलावर जेवणाची सुट्टी होती, साडेतीन वाजेपर्यंत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, हे खरे. पण खरेदीचा पुरावा म्हणून माझ्याकडे आहे ती शिक्का नसलेली, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. तुमच्याकडे बिल असेल तर निदान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.

पैसे देण्यापूर्वी डिस्कचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी पाहा, दुकानदाराच्या नव्हे तर स्वतःच्या मोबाइलवर. आणि अशी पाकिटातली डिस्क ज्यांनी आधीच घेतली आहे, त्यांनी तास मोजत बसण्याआधी आज रात्रीच तिच्यावरील कामाची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.