अँबॅसेडरचे व्हॉल्व्ह: कुर्ल्यातला जुना स्टॉक की इंग्लंडहून पार्सल?

माझी अँबॅसेडर मार्क टू, १९७०ची. मागच्या उन्हाळ्यात गायमुखच्या चढावर दम टाकायला लागली, आयडलवर फटफट करायची. हेड (इंजिनाचा वरचा भाग, व्हॉल्व्ह यातच असतात) उतरवलं तर दोन आणि तीन नंबर सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारे, जळलेले, एकाच्या कडेचा चक्क नखाएवढा तुकडा गायब. हेच दोघं का, तर या हेडमध्ये मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच पोर्टमधून, म्हणजे वाटेतून, बाहेर पडतो, तिथे भट्टीच असते.

चार सिलिंडरचे इनलेट (पेट्रोल-हवा आत घेणारे) आणि एक्झॉस्ट मिळून आठही बदलायचे ठरवलं. आणायचे कुठून, यावर दोन महिने घालवले आणि दोन्ही रस्ते करून बघितले, म्हणून लिहितोय.

आधी कुर्ला, तिथला जुन्या पार्टचा बाजार. ठाण्याहून लोकलने गेलं की अर्ध्या दिवसात काम होतं, माल हातात घेऊन बघता येतो, भाव करता येतो आणि चुकीचा निघाला तर बदलूनही देतात (बिल मागू नका म्हणजे झालं). जुना व्हॉल्व्ह खिशात घेऊन जा, आणि एक साधा लोहचुंबकही. माझ्या ओरिजिनल एक्झॉस्टचं डोकं चुंबकाला चिकटत नाही, इनलेटचं चिकटतं. दुकानात एक्झॉस्ट म्हणून दिलेल्यातले दोन चटकन चिकटले, दुकानदार म्हणतो "साहब, सब ऐसाही आता है". येत असेल बुवा, मी परत ठेवले. शेवटी तीन वेगवेगळ्या खोक्यांतून आठ जमले. ग्रीस सुकून पिवळं पडलेलं, कागद जुना, बघून जीव सुखावतो अगदी.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या मशीनवाल्याने गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) बदलले, सीट (व्हॉल्व्हचं डोकं टेकतं ती कड) कापल्या, पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले, पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं, एक थेंब झिरपला नाही. इथपर्यंत कुर्ला जिंकलं होतं.

मग लॉक, म्हणजे व्हॉल्व्हला स्प्रिंगच्या टोपीत धरून ठेवणारी दोन फाकांची पकड. माझ्या गाडीच्या मिस्त्रींनी क्लॅम्पने स्प्रिंग दाबली, लॉकच्या दोन फाका व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या खाचेत बसवल्या, क्लॅम्प सोडला, सगळं छान दिसत होतं. त्यांची एक सवय आहे, सगळे बसले की हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक स्टेमवर (व्हॉल्व्हच्या दांडीवर) एक टपली मारायची. सहाव्याला टपली मारली आणि टण्ण, एक फाक उडून थेट शटरच्या पलीकडे गटारात. परत दुसरं लॉक लावलं, परत तेच. भिंगाखाली बघितलं तर खाचेची धार गोल झालेली, बाकीच्यांपेक्षा खाच थोडी वरही होती. त्याच मापाच्या डिझेल इंजिनाचा व्हॉल्व्ह त्या खोक्यात मिसळला असावा असा मिस्त्रींचा अंदाज, मला नक्की सांगता येणार नाही. पण ती टपली मारली नसती आणि घोडबंदरला जाताना हे लॉक सुटलं असतं तर व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर पडला असता. त्या रात्री झोप लागली नाही. बाकीचे सात बरोबर होते हो, पण आता त्या सातांवर विश्वास कसा ठेवायचा?

म्हणून पार्सल. आपलं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे बीएमसीचं (महापालिका नव्हे, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सीरीज, त्या काळच्या मॉरिस ऑक्सफर्ड, ऑस्टिन केंब्रिज, सुरुवातीची एमजीए या इंग्लिश गाड्यांतही हेच, त्यामुळे इंग्लंडात अजून नवे व्हॉल्व्ह मिळतात. फक्त एमजीएचे डोळे झाकून मागवू नका, इंजिन तेच असलं तरी व्हॉल्व्हच्या डोक्याचा व्यास तोच असेल असं नाही, जुन्याचं डोकं, स्टेम, एकूण लांबी कॅलिपरने मोजून आधी कळवा. मी एकाच ठिकाणाहून व्हॉल्व्ह, गाइड, लॉक, स्प्रिंगच्या टोप्या असा सेट मागवला. कुरिअर आणि ड्युटी मिळून जवळजवळ मालाइतकेच पैसे गेले, पार्सल कस्टममध्ये अडकलं तेव्हा बायको रोज विचारायची, आलं का तुझं सोनं. पाच आठवडे गाडी अंगणात हेडशिवाय, बॉनेटवर ताडपत्री. हा त्रास खराच, पावसाळा तोंडावर असेल तर विचार करून मागवा.

पण बसवताना आठच्या आठ लॉक पहिल्या झटक्यात बसले, दांड्याची टपली मारली तर नुसता ठक्क आवाज. मिस्त्री काही बोलले नाहीत, चहा मागवला.

तिसरा पर्यायही आहे, दुसऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह लेथवर कापून बसवायचा. वागळेत करून देतात, पण खाच पुन्हा कोणीतरी हाताने पाडणार, मग मला नको.

आणि व्हॉल्व्ह कुठलेही घ्या, एक्झॉस्टला कडक सीट घालून घ्या. आपलं हेड बिडाचं, सीट त्यातच कापलेली आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर पेट्रोलमध्ये सीटला झिजू न देणारं शिसं नाही, सीट हळूहळू खाली बसते, टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली फट) संपते आणि व्हॉल्व्ह परत जळतो.

फियाटवाल्यांनी मात्र माझं ऐकू नये. २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी (फियाटच ती) टॅक्सी रस्त्यावरून गेल्या तरी त्यांचे पार्ट कुर्ल्यात अजून बरे मिळतात, उगाच ड्युटी कशाला भरता. कुर्ल्याचे माझे इनलेट डब्यात पडून आहेत, ते चांगले आहेत. तो सहावा वेगळा ठेवलाय, लाल रंग मारून.