सोल्युबल कूलंट की नीट कटिंग ऑइल?

कुपवाड एमआयडीसीत बरीच वर्षं लेथवर काढलीत, त्यामुळं नवीन पोरं विचारतात, धातू कापताना टूलवर सोडायला पाण्यात मिसळायचं सोल्युबल कूलंट चांगलं की बिनपाण्याचं नीट ऑइल, तेव्हा मी आधी विचारतो काम काय आहे. स्पीड जास्त, जॉब (म्हणजे कापायचा तुकडा) तापतोय, तर पाण्यातलं दुधासारखं कूलंटच, कारण तेवढ्याच वजनाचं पाणी तेलापेक्षा साधारण दुप्पट उष्णता ओढून नेतं. टॅपिंग (भोकात आटे पाडणं), ब्रोचिंग (दातेरी टूल ओढून खाचा पाडणं) असलं हळू आणि जड काम असेल तर नीट ऑइल, तिथं गारव्यापेक्षा वंगण महत्त्वाचं.

पण सांभाळायला सोल्युबल लई नाजूक. पाण्यात तेल ओतायचं, तेलात पाणी नाही, नाहीतर फाटतं. सुट्टीनंतर टँक उघडला की सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तो म्हणजे वर स्लाइडवेच्या (मशीनच्या सरकत्या भागांच्या) तेलाचा थर बसून हवा बंद झाली आणि खाली बॅक्टेरिया वाढले, मग 9 च्या आसपासचा पीएच खाली येतो आणि जॉब गंजायला लागतो. असल्याच टँकमुळं माझ्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्या होत्या, भाकरी मोडून कालवणात बुडवली की डोळ्यात पाणी यायचं. वरचं तेल रोज काढा आणि हात साबणानंच धुवा, डिझेलनं नको.

नीट ऑइल असं सडत नाही, पण त्याची वाफ छातीत जाते आणि टूल लाल झालं तर पेटतं, आणि पेटलं तर पाणी मारायचं नाही, फोम किंवा सीओटूचा सिलिंडरच.