घरासाठी सिमकार्डावरचा राउटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमचे घर वस्तीपासून बरेच बाजूला असल्यामुळे फायबरची केबल तेथपर्यंत पोहोचलेली नाही. त्यामुळे गेले नऊ महिने घरातले सगळे इंटरनेट सिमकार्डावर चालणाऱ्या फोरजी राउटरवर आहे. दिवसा माझे व्हिडिओ कॉल, मुलीचे ऑनलाइन वर्ग आणि रात्री घरच्यांचे व्हिडिओ पाहणे असा आमचा वापर आहे. हे सगळे आज नीट चालते, पण पहिले दोन महिने चालत नव्हते. दरम्यान राउटरही बदलला नाही आणि प्लॅनही बदलला नाही, बदलली ती त्याची जागा, आणि पुढे जोडली ती बाहेरची अँटेना.

सुरुवातीला राउटर बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवला होता. रेंजच्या काड्या चार दिसत, तरीही वेग ४ ते ५ एमबीपीएसच्या वर जात नसे आणि कॉलमध्ये समोरच्याचा आवाज तुटत असे. सिमच्या कंपनीला फोन केला की राउटर बंद करून पुन्हा चालू करा, एवढेच सांगितले जाई. शेवटी राउटरचे सेटिंग्जचे पान उघडून तेथील दोन आकडे पाहिले. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा सिग्नल किती जोरात पोहोचतो त्याचे माप. ते उणे ११२ डीबीएम होते. उणे ८० च्या आसपास ते उत्तम मानतात आणि उणे १२० जवळ आले की जोडणी तुटण्याच्या बेताला येते. दुसरा आकडा एसआयएनआरचा, म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे याचा. तो जेमतेम १ होता. माझ्या मते घेणाऱ्याने सर्वांत आधी हाच आकडा पाहावा, कारण काड्या भरलेल्या असूनही सिग्नल गढूळ असेल तर वेग मिळत नाही.

मग एक अख्खी दुपार लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन राउटर घरभर फिरवला. प्रत्येक जागी दोन-तीन मिनिटे थांबून आकडे वहीत लिहिले. जाड भिंतीमागे आणि पत्र्याखाली ते पडत, तर वरच्या मजल्यावरील टॉवरच्या दिशेच्या खिडकीत एसआयएनआर ८ पर्यंत गेला आणि वेग १८ एमबीपीएस झाला. यासाठी काहीही खर्च आला नाही, म्हणून अँटेना विकत घेण्यापूर्वी हे प्रत्येकाने करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

बाहेरची अँटेना घेताना मात्र माझी एक चूक झाली. एका दिशेने रोखायची, दोन केबलची अँटेना घेतली. फोरजीमध्ये एकाच वेळी दोन प्रवाहांतून माहिती येते, म्हणून दोन्ही केबल जोडणे आवश्यक असते. ते बरोबर होते. पण राउटर खालीच राहावा म्हणून १० मीटरची बारीक केबल वापरली आणि अँटेनाने मिळवलेले बहुतेक सगळे त्या केबलने खाल्ले. सिग्नल ३ डेसिबलने घटला की त्याची शक्ती निम्मी होते, आणि अशा केबलमध्ये प्रत्येक मीटरला घट होतच असते. अखेर राउटरच वर नेला, अँटेनाची केबल ३ मीटरची केली आणि खालच्या मजल्यावर लॅनची (राउटरमधून घरातल्या उपकरणांना इंटरनेट नेणारी) केबल उतरवली, जी १०० मीटरपर्यंत बिनघोर नेता येते.

अँटेनाचे तोंड टॉवरकडे रोखण्याचे काम दोघांचे आहे. मी शिडीवर उभे राहून अँटेना बसवलेली नळी बोटभर फिरवायची, मिनिटभर थांबायचे आणि मुलीने लॅपटॉपवर एसआयएनआरचा आकडा पाहून खालून ओरडून सांगायचा: सहा, सात, पुन्हा पाच, अकरा! तो ११ आला तेव्हा अँटेनाचे तोंड जवळच्या टॉवरकडे नव्हतेच. त्याच्या आड टेकडी येते. दुप्पट अंतरावरचा दुसरा टॉवर घराच्या छतावरून सरळ दिसतो आणि तोच आमच्या कामी आला. बँडचेही, म्हणजे टॉवर ज्या वारंवारतेच्या पट्ट्यावर सिग्नल पाठवतो त्याचेही, असेच. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड लांब पोहोचतात म्हणून राउटर आपणहून तेच धरून बसे. सेटिंग्जमध्ये १८०० चा बँड कायम केल्यावर सिग्नलचा जोर थोडा कमी दिसला, पण वेग ३० च्या पुढे गेला.

संध्याकाळी ८ ते ११ या वेळेवर मात्र कोणताही उपाय सापडलेला नाही. टॉवरची क्षमता परिसरातील सर्वांत वाटली जाते, त्यामुळे सगळे घरी आले की आमचा वेग ७-८ वर उतरतो आणि एरवी ४० मिलिसेकंद असणारा पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, १५० च्या पुढे जातो. अँटेना कितीही चांगली असली तरी हा वाटा वाढत नाही. मोठी डाउनलोड आम्ही पहाटेवर टाकतो आणि एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबी डेटा घेत असल्यामुळे रात्री व्हिडिओचा दर्जा एचडीपेक्षा कमी, ४८० वर ठेवतो.

बाहेरून घरातला कॅमेरा पाहायचा असेल, तर मोबाइल जोडणीवर बहुधा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे बाहेरून थेट आपल्या घरापर्यंत पोहोचता येईल असा इंटरनेटवरचा क्रमांक, मिळत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. आमच्या राउटरला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, जो अनेक ग्राहकांमागच्या सामायिक जाळ्यासाठी राखलेला असतो, म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही उपयोग झाला नाही. कॅमेरा त्याच्या कंपनीच्या क्लाउडमार्फत, म्हणजे तिच्या इंटरनेटवरील सर्व्हरमार्फत, चालणारा घेतल्यावर तो प्रश्न मिटला. वीज गेल्यावर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो.

पावसाळ्यात समोरच्या झाडांना पालवी फुटून ती दाट झाली, तेव्हा एसआयएनआर ११ वरून ७ वर आला होता. अँटेनाची नळी दीड मीटर उंच केली, तिला अर्थिंगची तार जोडली आणि आकडा पुन्हा १० वर स्थिरावला.