चप्पल लाईनीतलं पायताण आणि आमची आई

आधी निकाल सांगते, पायताण एक नंबर, पाचपैकी पाच स्टार. रिव्ह्यू वगैरे लिहायची मला सवय नाही पण हा लिहायचाच होता, कारण हे आमच्या आईचं दुकान, म्हणजे मालकीचं नव्हे, कायमचं गिऱ्हाईक होती ती तिथली.

आई मागच्या थंडीत गेली. आमच्यात बाराव्याला छत्री, काठी, पायताण असं दान देतात, भटजींच्या यादीत होतंच ते, आणि घरातले म्हणायला लागले की प्लॅस्टिकची एखादी जोडी आण स्वस्तातली, रीत पाळल्याशी मतलब. मी सरळ नाही म्हटलं. जिनं जन्मभर कातड्याचं पायताण झिजवलं तिच्या नावानं प्लॅस्टिक कसं द्यायचं? तशीच उठले आणि कोल्हापूरची चप्पल लाईन गाठली.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. लाईनीत दुकानं भरपूर आहेत आणि चकचकीत रंगाचा, फोमचा, चिकटवलेला मालही भरपूर आहे, पर्यटक तोच घेऊन जातात आणि मग महिन्यात तळ सुटला म्हणून ओरडतात. खरं कोल्हापुरी कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, शिलाई कातड्याच्याच वादीनं, खिळा कुठं नाही. आईची तपासायची पद्धत होती, आधी नाकाला लावायची, मग तळ बाजूनं बघायची की थर नीट दिसतायत का, मग पट्ट्यावर बोट ओलं करून टेकवायची, डाग पडून कातडं काळपट झालं की खरं, पाणी घरंगळलं की रेक्झिन. दुकानदारासमोर करायची हे सगळं आणि कुणाला राग आलेला मी बघितला नाही. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, तेव्हा ती पेपर घेऊन शेजारणीकडं गेली होती वाचून दाखवायला, आणि ते इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसलंच पायताण दाखवलं २०२५ ला, त्यावर तर तिचं बोलणं आठवडाभर चाललं होतं.

आता आई. शाहूवाडी तालुक्यात झेडपीच्या शाळेत बाई होती. पन्नास सीसीची लुना होती तिच्याकडं, ती घेऊन रविवारी आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जायची, काम काही नाही, नुसतं बघायला, आणि येताना चढाला लुना दमली की पेडल मारत यायची. लग्न झाल्यावर पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकली, सासरी कुरकुर झाली तर म्हणाली उद्या पोरं पाण्यात पडली तर काढायला कुणीतरी घरचं पाहिजे की. रिटायर झाल्यावर यूथ हॉस्टेलबरोबर हिमाचलातला सारपासचा ट्रेक केला, १३,८०० फूट, बर्फात बूट घातले पण कसोलच्या कॅम्पवर संध्याकाळी पायात कोल्हापुरीच, तिथल्या पोरींनी फोटो काढलेत त्या पायांचे. आणि जुलैत पन्हाळा ते पावनखिंड ठरलेलं. १६६० च्या जुलैत बाजीप्रभू आणि बांदल मंडळींनी जी खिंड अडवून धरली तिथपर्यंत, पन्नासेक किलोमीटर, मसाई पठारावर तर पावसानं तोंड वर करता येत नाही. तेव्हा मात्र पायताण घरी. कातडं आणि पाऊस यांचं जमत नाही हे ती सगळ्यांना बजावून सांगायची. उन्हाळा-हिवाळा मग जोतिबा असो की दाजीपूरचं गव्यांचं जंगल, पायताणच.

दाजीपूरवरून आठवलं, काही जोड्यांत तळाच्या थरात 'विंचू' घालतात, खरा विंचू नव्हे, आवाजासाठी घालायची वस्तू, म्हणजे चालताना करकर वाजतं, बाप्यांना ऐटीसाठी आवडतं ते. आईला बिनआवाजाचं लागायचं. म्हणायची, गवा अर्धा किलोमीटर लांबून निघून जाईल, मग मी बघू काय, तुझं तोंड?

तर दुकान. लहान आहे, एका वेळी तीन गिऱ्हाईकं मावतील इतकंच, दुकानदार मामा स्वतः बसलेले असतात आणि माल सुभाषनगरच्या कारागिरांकडून येतो. मला बघून म्हणाले, "काय ताई, बाईंची टाच झिजली वाटतं, आणलीसा काय?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हातातली वादी खाली ठेवली आणि आतून एक लांबट वही काढली. गिऱ्हाईकांच्या पायांची मापं, बॉलपेननं पावलाभोवती रेघ मारलेली. आईचं पान होतं. डाव्या अंगठ्याजवळ रेघ बाहेर गेलेली, कारण तो अंगठा गगनबावड्याकडं ओढ्यात दगडाखाली सापडला होता आणि वाकडाच बसला, तिथं मामांच्या अक्षरात लिहिलेलं, "सैल ठेवणे, करकर नको". मी त्या रेघेवरून बोट फिरवलं, दोनदा, आणि मग मला तिथं रडू आलं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं तरी. मामांनी त्या माणसाला "जरा थांबा सायेब" एवढंच म्हटलं आणि मला पाणी दिलं.

दानासाठी त्यांनी जोडी स्वतः निवडली, जाड तळाची, चालणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल अशी. पैसे पूर्ण घेतले, मी दिलेही, आई तिथं कधी घासाघीस करायची नाही, हातानं केलेल्या वस्तूची किंमत पाडायची नाही असा तिचा नियम. भटजींनी ती जोडी घातली आणि जिना उतरून गेले, बरं वाटलं मला.

माझ्यासाठी माप दिलं तेव्हाच, ते पंधरा दिवसांत तयार झालं, १८०० रुपये. साधं, नैसर्गिक रंगाचं, गोंडा नाही. आता खरं सांगायचं तर पहिले काही दिवस चावतं. अंगठ्यापाशी फोड आला. एरंडेल पाजायचं रात्री, सकाळी पुसून घालायचं, घरातल्या घरात फिरायचं, मग सुटतं आणि एकदा पायाचा आकार घेतला की दुसरं काही घालावंसं वाटत नाही. वास महिनाभर राहतो, कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात कागदात गुंडाळून उंच ठेवा नाहीतर बुरशी धरते, आपल्याकडं तर चार महिने भिंतीसुद्धा सुकत नाहीत. टाच झिजली की टाकून देऊ नका, मामा नवी घालून देतात. पार्किंग अजिबात नाही, गाडी लांब लावून चालत या. शनिवार-रविवारी अंबाबाईला येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा टाळाच.

फक्त फोटोला आणि सणाला घालायचं असेल तर दुसरीकडं स्वस्तात मिळेल, घ्या खुशाल. पण चालायला पाहिजे असेल, लांब, दगडातनं, तर इथंच या. मी परवा पन्हाळ्याला तीन दरवाज्यापासून पुसाटीच्या बुरुजापर्यंत पोरीला घेऊन फिरले हेच घालून, पाय दुखला नाही. पोरगी विचारत होती आज्जी इथनं कुठनं उतरायची, तिला राजदिंडीची वाट दाखवली, आता पाऊस संपला की तिकडनं मसाईपर्यंत जायचं ठरलंय.

धाकट्या बहिणीला पुण्यात जोडी पाहिजे, तिनं पायाचा फोटो पाठवला व्हॉट्सॲपवर. मामांनी बघितला आणि म्हणाले फोटोवर माप घेत नाही, पाय आणा. तिला सांगितलंय, सुट्टी काढ आणि ये.